‘काळी मेंदी’ची पुडी: नाव मेंदीचं, काम कलपाचं

वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी ‘काळी मेंदी’च्या पुड्यांची माळ लटकलेली असते. पाकिटावर हिरवी पानं, आवळा, माका, जास्वंदीचं फूल, आणि काळेभोर केस मोकळे सोडलेली बाई. दहा-वीस रुपयांत आणि अर्ध्या तासात पांढरे केस काळे होणार, असं आश्वासन. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सगळ्या जातीच्या पुड्यांचं आहे. पाकिटावरचं चित्र बदलतं, आतला कारभार बहुतेक वेळा तोच असतो.

मत आधीच सांगून टाकतो. कलप म्हणून ही पुडी आपलं काम चोख करते. मेंदी म्हणून ती विकली जाते, हा तिचा मोठा दोष आहे. मेंदी म्हटलं की माणूस मेंदीसारखाच वागतो: रात्री भिजवतो, उघड्या हाताने थापतो, दोन-दोन तास डोक्यावर ठेवतो, उरलेली मिशीला लावतो. कलपाच्या बाबतीत यातली प्रत्येक सवय अंगाशी येऊ शकते.

खरी मेंदी काय करू शकते ते आधी पाहू. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या आणि कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि रंग देतं तो नारिंगी, तांबडा किंवा विटकरी. राजस्थानातल्या सोजतची मेंदी असो की परसातल्या झाडाची, ती काळा रंग देत नाही. शिवाय तिला वेळ लागतो: भिजवायला काही तास, डोक्यावर दोन ते चार तास. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली, त्यात आवळा आणि काथ घातला, तर लोह आणि टॅनिन मिळून रंग गडद तपकिरीकडे झुकतो. आजीच्या कढईचं रहस्य एवढंच. पांढऱ्या केसावर त्यातूनही लालसर झाक दिसतेच. तेव्हा तीस मिनिटांत कावळ्यासारखं काळं करणाऱ्या पुडीत मेंदीखेरीज दुसरं काहीतरी आहे, हे पाकीट न वाचताही कळतं.

ते दुसरं काहीतरी म्हणजे पॅरा-फिनिलिन-डायमाइन, बोलीभाषेत पीपीडी. याचा रेणू इतका लहान असतो की तो केसाच्या बाहेरच्या खवल्यांमधून आत शिरतो. आत गेल्यावर त्याचं ऑक्सिडीकरण होतं, रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काळे पडतात आणि आतच अडकतात. म्हणून हा रंग शाम्पूने निघत नाही. क्रीमच्या कलपात ऑक्सिडीकरणासाठी डेव्हलपरची वेगळी बाटली येते. पुडीत ती नसते, कारण पुडीत सहसा बेरियम पेरॉक्साइडसारखा कोरडा ऑक्सिडीकारक आधीच मिसळलेला असतो आणि पाणी पडताच तो कामाला लागतो. नुसत्या पाण्यात कालवायची पूड दहा मिनिटांत काळी पडत असेल, तर ती कलपाची पूड आहे असंच धरून चालावं.

पाकिटावर हे नाव शोधायचं कसं? पीपीडी हे लघुरूप क्वचितच छापतात. पॅरा-फिनिलिन-डायमाइन, १,४-डायअमिनोबेन्झीन, १,४-बेन्झीनडायमाइन किंवा सी.आय. ७६०६० यांपैकी काहीही दिसलं तरी पदार्थ तोच. सोबत रिसॉर्सिनॉल आणि मेटा-अमिनोफेनॉल ही नावंही भेटतात; ते रंगाची छटा ठरवणारे जोडीदार. भारतातल्या नियमाप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणून यादीचं शेपूट नीट वाचावं. आवळा-शिकेकाईची जाहिरात पुढच्या बाजूला ठळक असते, कामाचं नाव मागे, बारीक अक्षरात.

इथे एक पळवाट आहे आणि ग्राहकांना ती सहसा माहीत नसते. ३० ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थाच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या पाकिटावर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. दहा-पंधरा ग्रॅमची पुडी नेमकी या सवलतीत बसते. काही कंपन्या तरीही यादी देतात, आणि त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं. पण यादी नसलेली पुडी म्हणजे पीपीडी नसलेली पुडी, असा अर्थ कोणी काढू नये. पीपीडीच्या कलपावर मात्र सावधगिरीची सूचना सक्तीची आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही: काही जणांच्या त्वचेला यामुळे त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया आणि पापण्यांना लावू नका, त्याने अंधत्व येऊ शकतं. ही सूचना दिसली की पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, हातात कलप आहे हे ओळखावं. सूचना नाही, यादी नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, अशी पुडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

गुण सांगायचे तर, पांढरे केस झाकण्यात ही पुडी महागड्या क्रीमच्या तोडीची आहे. एका पुडीत पुरुषाचे आखूड केस होतात, खांद्यापर्यंतच्या केसांना तीन-चार लागतात. रंग टिकाऊ असतो; तीन आठवड्यांनी दिसतात ती मुळाशी वाढलेली पांढरी टोकं, बाकी रंग शाबूत राहतो. काळा मात्र एकसुरी आणि सपाट येतो, उन्हात विग घातल्यासारखा दिसतो. केस थोडे कोरडे होतात. एवढ्या किमतीत याबद्दल फारशी तक्रार करता येणार नाही.

खरी अडचण त्वचेची आहे. पीपीडी हा ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांत अगदी वरच्या क्रमांकाचा, आणि ही ॲलर्जी उशिरा उठणारी आहे. लावल्या लावल्या चुरचुर झाली तर ती बरेचदा नुसती जळजळ असते. ॲलर्जीचा दणका एक ते तीन दिवसांनी बसतो, म्हणून माणूस दोष कालच्या जेवणाला नाहीतर नव्या साबणाला देतो. जागाही फसवी असते. टाळूची कातडी जाड, तिथे कधी कधी नुसती खाज सुटते. सूज दिसते ती पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि कानामागे, कपाळाच्या कडेला, मानेवर. सकाळी उठल्यावर डोळे उघडत नाहीत इतक्या पापण्या सुजलेल्या असतील आणि दोन दिवसांपूर्वी केस रंगवले असतील, तर संशय आधी पुडीवर घ्यावा.

‘पंधरा वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यात खोटं काही नाही, पण त्यातून हमीही मिळत नाही. ही ॲलर्जी जन्मजात नसते, ती वापरातून घडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या वेळी या रेणूला शत्रू म्हणून ओळखायला शिकते, आणि एकदा शिकली की सहसा विसरत नाही. पंधरा वर्षांनंतरची सोळावी दिवाळी त्या ओळखीची ठरू शकते. त्यानंतर प्रत्येक वेळची प्रतिक्रिया आधीपेक्षा लवकर आणि जोरात येण्याचा धोका असतो.

सूज उतरली की प्रकरण मिटतंच असं नाही. सावळ्या आणि गव्हाळ कातडीवर वारंवारच्या सौम्य ॲलर्जीने कपाळ, कानशिलं आणि मान काळी-करडी पडत जाते. खाज फारशी नसते, म्हणून लोक त्याला वांग समजतात आणि गोरेपणाचं क्रीम लावतात. त्यातली काही क्रीमं स्टेरॉइडची असतात. मग कातडी पातळ होते, पुरळ येतं आणि मूळ कारण दर महिन्याला डोक्यावर थापलं जातच राहतं. काही जणांत उलटं घडतं: केसांच्या कडेने पांढरे डाग उमटतात, कोडासारखे. टिकलीच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉलने कपाळावर पांढरा डाग पडतो, तसाच हा प्रकार. केस रंगवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या कडेला नवा काळा किंवा पांढरा पट्टा दिसला, तर क्रीम शोधण्याआधी कलप थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. तिथे पाठीवर पॅच टेस्ट करतात: व्हॅसलिनमध्ये १ टक्का पीपीडी, ४८ तासांनी पहिलं वाचन आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी दुसरं. निकाल कळल्यावर अंदाजाला फारशी जागा राहत नाही.

पीपीडीची ॲलर्जी असलेल्याने आणखी एक लक्षात ठेवावं. या रेणूचे भाऊबंद पुष्कळ आहेत. बधिर करणाऱ्या मलमातलं बेन्झोकेन, सल्फाची काही औषधं, गडद रंगाच्या सिंथेटिक कापडातले काही रंग यांनाही अशी त्वचा प्रतिक्रिया देऊ शकते. दंतवैद्याला आणि डॉक्टरला हे आधी सांगून ठेवावं.

कॅन्सरबद्दल विचारणा नेहमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातला रोजचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. घरच्या वैयक्तिक वापराबाबत मात्र पुरावा निष्कर्ष काढण्याइतका नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे सलूनमध्ये दिवसाला दहा डोकी रंगवणाऱ्या कारागिराची काळजी आधी करायला हवी. त्याच्या हातात पाकिटातले फडफडणारे प्लॅस्टिकचे मोजे असतात किंवा तेही नसतात. रबरी लॅटेक्सच्या मोज्यातून पीपीडी झिरपतं. नायट्राइलचे मोजे घ्यावेत आणि एका गिऱ्हाइकानंतर फेकावेत. धुऊन उलटे घालणं म्हणजे रंग आतून लावणं.

आता चाचणी. पाकिटातल्या कागदावर ती सांगितलेली असते, पण करणारं माणूस विरळा. चिमूटभर पूड प्लॅस्टिकच्या झाकणात थेंबभर पाण्यात कालवा, पाकिटात सांगितलेल्या प्रमाणातच. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला जागा साबणाने धुऊन कोरडी करा आणि मसुरीच्या दाण्याएवढा ठिपका लावा. वाळू द्या. वर पट्टी बांधू नका. नियमातल्या सूचनेनुसार २४ तासांनी हलक्या हाताने धुवायचं; पण उशिरा उठणाऱ्या ॲलर्जीला २४ तास कमी पडतात, म्हणून त्या जागेवर निदान ४८ तास नजर ठेवा. लाली, खाज, फोड, सूज यांतलं काहीही दिसलं तर पुडी कचऱ्यात. हे दर वेळी करायचं, ब्रँड तोच असला तरी. लग्नाला जायचं असेल तर तीन दिवस आधी, हळदीच्या दिवशी सकाळी नव्हे. आणि ज्याला एकदा प्रतिक्रिया आली आहे त्याने घरी चाचणीही करू नये. त्याच्यासाठी हा विषय संपलेला आहे. घरची चाचणी पूर्ण खात्री देत नाही हेही खरं, पण मोठा दणका टाळण्याचा घरात याहून सोपा मार्ग नाही.

चाचणी ठीक आली आणि पुडीच वापरायची ठरली, तर मेंदीच्या सवयी बाजूला ठेवा. लोखंडी कढई नको, स्टीलची वाटीही नको. काचेचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं घ्या. धातूच्या संपर्कात पेरॉक्साइड वाया जातं आणि रंग ठिगळासारखा बसतो. भिजवून ठेवू नका. रंगाचे रेणू वाटीतच मोठे झाले की केसात शिरत नाहीत, म्हणून रात्री भिजवलेली काळी मेंदी सकाळी वर-वर बसते आणि उशीला लागते. कालवली की लगेच लावा, उरलेली टाकून द्या. उघडलेली पुडी पुढच्या महिन्यासाठी ठेवली तर दमट हवेत ती निकामी होते. कपाळ, कान आणि मानेला व्हॅसलिनचा पातळ थर द्या. टाळू खरचटलेली असेल किंवा पुरळ असेल तर तो दिवस सोडा. मुळाशी ब्रशने लावा. डोक्याला थंडावा म्हणून चोळायची ही गोष्ट नाही. घड्याळ लावा आणि पाकिटावरच्या वेळेला धुवा. जास्त वेळ ठेवून रंग फार वाढत नाही, कातडीशी संपर्क मात्र वाढतो. पाणी निवळ होईपर्यंत, डोकं मागे झुकवून धुवा, म्हणजे फेस डोळ्यांवर येत नाही. मिशी-दाढीला लावणं टाळलेलं बरं, भुवयांना तर कधीच नाही.

शेजारच्या फळीवर काय आहे? ‘अमोनिया-फ्री’ क्रीममध्ये वास कमी असतो, कारण अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन असतं. पीपीडीशी त्या शब्दाचा काही संबंध नाही, तरी दुकानदार तो शब्द ‘केमिकल नाही’ अशा अर्थाने सांगतो. ‘पीपीडी-फ्री’ लिहिलं असेल तर यादीत टोल्युईन-२,५-डायमाइन शोधा. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. तरीही चांगल्या कंपनीचं क्रीम पुडीपेक्षा एका बाबतीत उजवं: यादी असते, प्रमाण ठरलेलं असतं, माहितीपत्रक वाचता येतं. युरोपीय संघात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडीची मर्यादा २ टक्के आहे आणि १६ वर्षांखालच्यांसाठी ते नाही, असं पाकिटावर लिहावं लागतं. तिकडचे नातेवाईक इथून पुड्या मागवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शाम्पूसारखा फेस करून लावायचा रंग आम्हाला सगळ्यांत कमी पसंत आहे. जाहिरातीत उघड्या हातांनी फेस करतात. फेस कपाळावर, कानात, मानेवर ओघळतो. आणि दहा मिनिटांचं काम म्हणून लोक तो पंधरा दिवसांनी लावतात. यातल्या बहुतेकांत पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद असतोच.

ज्यांना पीपीडी चालत नाही आणि काळा रंग हवाच आहे, त्यांच्यासाठी मेंदीनंतर नीळ हा जुना दोन टप्प्यांचा मार्ग आहे. इथली नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरियाच्या पानांची हिरवट पूड. कपड्यांची नीळ नव्हे. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी आणि तेवढीच नीळ. केस आधी शाम्पूने धुवा, तेल नको. मेंदी सहा-आठ तास भिजवून दोन-तीन तास लावा आणि नुसत्या पाण्याने धुवा. मग नीळ कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून दह्याइतकी घट्ट कालवा. दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर तवंग येतो. तो आला की थांबायचं नाही, नीळ मेंदीसारखी वाट पाहत नाही. ओलसर केसांना भरपूर लावा, टोपी घाला, तासाभराने धुवा. त्या क्षणी केस हिरवट दिसतात आणि लोक घाबरून शाम्पू लावतात. लावू नका, एक-दोन दिवसांत हवेने रंग काळसर होतो. मेंदीशिवाय नुसती नीळ पांढऱ्या केसावर लावली तर निळसर-हिरवी झाक राहते. सगळा खटाटोप अर्ध्या दिवसाचा आहे, बाथरूम निळं होतं, आणि रंग पुडीइतका ठाम येत नाही. पण पापण्या सुजत नाहीत. वनस्पतीचीही क्वचित ॲलर्जी होते, तेव्हा ठिपक्याची चाचणी इथेही करावी. पुडीवर एकच घटक लिहिलेला असावा. ‘नीळ’ म्हणून विकलेल्या पुडीतही कलप निघू शकतो.

शुद्ध म्हणून घेतलेली मेंदी तपासायला पांढरी बशी पुरते. चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवून ठेवा. खरी मेंदी वरून हळूहळू, तासांच्या हिशेबाने तपकिरी होते आणि आतून हिरवीच राहते, कडेला नारिंगी पाणी सुटतं. दहा-वीस मिनिटांत काळं-जांभळं पाणी सुटलं तर त्यात भर आहे. ही ढोबळ चाचणी आहे, प्रयोगशाळेची नाही. पण उघड भेसळ पकडते.

हाताच्या काळ्या मेंदीला आमच्याकडून शून्य. जत्रेतला ‘इन्स्टंट ब्लॅक’ कोन आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचा काळा ‘टेम्पररी टॅटू’ यांत पीपीडी थेट कातडीवर, तासन् तास राहतं. अशा रंगांच्या तपासणीत काही नमुन्यांत त्याचं प्रमाण १५ टक्क्यांवर सापडलेलं आहे, डोक्याच्या कलपाच्या मर्यादेच्या कितीतरी पट. आठवडा-दोन आठवड्यांनी नक्षीच्या आकाराचे फोड उठतात आणि काहींना तो आकार कायमचा राहतो. त्याहून मोठं नुकसान पुढे दिसतं: दहाव्या वर्षी हातावर काढलेल्या काळ्या नक्षीने संवेदनशील झालेली मुलगी चाळिशीत पहिला कलप लावते आणि थेट दवाखान्यात जाते. तान्ह्या बाळाच्या तळव्यांना तर खरी मेंदीही लावू नये. जी-सिक्स-पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्या बाळांत तिच्यामुळे लाल रक्तपेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता बाहेरून दिसत नाही.

प्रतिक्रिया आलीच तर केस भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने दोन-तीनदा धुवा. मुंडण करायची गरज नसते. केसात पक्का बसलेला रंग सहसा त्रास देत नाही, त्रास देतो तो कातडीवर राहिलेला अर्धवट रंग. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. सुजेवर गार पाण्याची घडी. मेडिकलमधून विचारून आणलेलं तिहेरी मलम (स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं) पापण्यांना लावू नका. सूज डोळ्यांपर्यंत पोचली किंवा फोडांतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि श्वास, आवाज किंवा गिळणं बदललं तर सरळ कॅज्युअल्टी. लहान मुलाने पुडी चाटली असेल तर लक्षणांची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या: घसा सुजतो, लघवी काळपट होते, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि पीपीडीवर उतारा नाही. जाताना पाकीट बरोबर घ्या. ते नंतरही फेकू नका. बॅच क्रमांक आणि दुकानाची पावती असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.